अर्धा कोयता

मार्च लागला की आमच्या घरात दोन गोष्टींवर बंदी येते. एक कुकरच्या शिट्टीवर आणि दुसरी माझ्या तोंडावर. नात दहावीला आहे. सईच्या खोलीच्या दाराला वेळापत्रक चिकटवलंय; त्यात जेवणाला वीस मिनिटं आणि ‘आजीशी गप्पा’ला दहा मिनिटं नेमून दिलेली आहेत. सूनबाई चपला हातात घेऊन घरात वावरते. मुलगा फोनवर बोलायला गोठ्यात जातो, त्यामुळं आमच्या गाईंना तालुक्यातलं सगळं राजकारण पाठ झालंय. आणि मला नेमके याच दिवसांत पापड खावेसे वाटतात. भाजलेला, चार खोल्यांत ऐकू जाईल असा पापड.

परवा माझी दहा मिनिटं चालू असताना सईनं विचारलं, "आजी, तुला परीक्षेचं कधी टेन्शन आलंच नाही का गं?"

"आलं होतं की. सातवीला. म्हणून तर गेलेच नाही परीक्षेला."

ती हसली. तिला ठाऊक असलेली गोष्ट वेगळी आहे. आजीनं मैत्रिणीसाठी आपली परीक्षा सोडली, तिच्या जागी उसाच्या फडात राबली आणि ती मैत्रीण पुढं नर्स झाली, ही गोष्ट आमच्या घरात देवाच्या तसबिरीसारखी भिंतीवर टांगलेली आहे. खिळा मीच ठोकलेला. हळदीकुंकवाला, बारशाला, एकदा तर शाळेच्या बक्षीस समारंभात माईक हातात घेऊनसुद्धा मी ती सांगितली आहे. आज ती खाली उतरवून पुसायला घेतली आहे. मागून पाल निघते का झुरळ, ते बघू.

खिडकीतून आमचा शेवटचा ऊस तुटताना दिसतो. तुटलेल्या उसाचा वास गोड असतो असं फड लांबून पाहणारे म्हणतात. जवळून तो हिरवा, ओला, जरासा आंबूस असतो. त्यात बैलांच्या शेणाचा, तोडणीवाल्यांच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, चुलीचा आणि वाळल्या पाचटाच्या धुळीचा वास मिसळलेला. ही धूळ नाकात गेली की मला हमखास शिंक येते आणि शिंकेबरोबर सातवीची परीक्षा आठवते. यंदाच्या ऊसतोड टोळीतली पूजा नावाची एक मुलगी पाण्याला आमच्या नळावर येते. परवा हंडा भरून वाहत होता आणि ही खिडकीशी उभी राहून सईचं वेळापत्रक वाचत होती. "हंडा भरला गं," म्हटलं, तर दचकली. तिच्या त्या दचकण्यानंच मला हे लिहायला बसवलं.

बाहत्तरचा मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आधीचा उन्हाळा. आमची माहेरची वस्ती सोनईच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेवर. पाटाचं पाणी होतं, दोन विहिरी होत्या, त्यामुळं ऊस होता आणि ऊस होता म्हणून तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पंचक्रोशीत मान होता. दिवाळी झाली की पाथर्डीच्या बाजूनं बैलगाड्यांची रांग यायची. गाडीत भांडी, कोंबड्या, पोरं, तट्ट्या. दोन दिवसांत उसाच्या कडेला कोप्या उभ्या राहत. तिकडं पाणी नाही, म्हणून माणसं इकडं. एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर मला सगळं समजलंय असं मी समजत होते.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पुरुष ऊस बुडातून तोडतो, शेंडा छाटतो. बाई तो साळते, म्हणजे त्याचा पाला काढते, गोळा करते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दोघांतलं एक नसलं तर उरलेला माणूस अर्धा कोयता. अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो, कारण गाडी अर्धी राहते आणि एका गाडीसाठी सगळी टोळी खोळंबते. त्या वर्षी आमच्या फडात भानूबाबांचा कोयता असाच जोडून आणलेला होता. त्यांची बायको तान्हं बाळ घेऊन गावी राहिलेली. तिच्या जागी त्यांची थोरली लेक आली होती, चंद्रकला. पंधरा वर्षांची. सगळे तिला चंद्री म्हणायचे.

आणि मी कोण होते? मी चौदा वर्षांची विमल. लाल रिबिनींच्या दोन वेण्या, पायात पैंजण आणि काखेत कंपासपेटी, जिच्यातल्या कर्कटकाचा उपयोग मी फक्त कैऱ्या टोचायला करत असे. आदल्या वर्षी सातवीच्या गणितानं मला खाली पाडलं होतं. निकाल लागला त्या दिवशी तात्यांनी माझं मन खचू नये म्हणून मला मनगटी घड्याळ आणलं. वेळ मला बघता यायची नाही धड. पण मी ते शाळेत असं मिरवायची की मास्तर मलाच विचारायचे, किती वाजले. मी काटे न पाहता बेधडक सांगायची. एकदा माझ्या घड्याळापायी शाळा पाऊण तास आधी सुटली. ती माझी शिक्षणक्षेत्रातली पहिली कामगिरी.

चंद्रीही सातवीतच होती. तिसऱ्या वर्षी. पण ती कधी नापास झालेली नव्हती. तिची परीक्षाच झाली नव्हती. जूनपासून दिवाळीपर्यंत ती गावच्या शाळेत पहिल्या रांगेत बसायची, मग टोळी निघायची आणि मार्च-एप्रिलात परीक्षा यायची तेव्हा ती कुणाच्या तरी उसात असायची. दोन वर्षं असंच. यंदा तिच्या गुरुजींनी एक पत्र लिहून दिलं होतं. ते तिनं पोलक्याच्या आत, घामानं भिजू नये म्हणून केळीच्या वाळल्या पानात गुंडाळून आणलं होतं. आमच्या हेडमास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि तिला आमच्याच शाळेत परीक्षेला बसवायचं कबूल केलं. तेव्हा सातवी पास झालेल्या मुलीला नर्सबाईच्या शिक्षणाला घ्यायचे. गुरुजींनी हेही पत्रात लिहिलं होतं. चंद्रीला ते वाक्य पाठ होतं.

पुस्तकं माझी, वाचायची ती. आमचा करार चोख होता. दुपारी ती विहिरीवर पाण्याला यायची, तेव्हा मी मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्याच्या कडेला पाय सोडून बसलेली असायची. मी पुस्तक धरायची, ती उभ्या उभ्या वाचायची, कारण बसलं की उठवत नाही म्हणायची. तिच्या बोटांना चिरा असायच्या, उसाच्या पानांनी कापलेल्या, आणि त्या बोटांनी ती माझ्या गुळगुळीत पुस्तकाचं पान उलटताना फार जपायची, पुस्तकाला लागू नये म्हणून. मी त्या पानांच्या कोपऱ्यांवर बाहुल्या काढून ठेवलेल्या होत्या.

एक गणित मला जन्मात सुटलं नव्हतं. एक काम ‘अ’ दहा दिवसांत करतो, तेच काम ‘ब’ पंधरा दिवसांत करतो, तर दोघे मिळून किती दिवसांत? मास्तर फळाभर अपूर्णांक लिहायचे आणि मी घड्याळाकडं बघायची. चंद्रीनं गणित वाचलं आणि हंडा खाली ठेवला.

"काम म्हंजी तीस मोळ्या धर," ती म्हणाली. "अ रोज तीन बांदतो, ब रोज दोन. दोगांच्या पाच. सा दिवस."

मी मागचं पान उघडून उत्तर पाहिलं. सहा.

"अ म्हंजी माजा बा. ब म्हंजी मी. दोगं मिळून एक कोयता," तिनं समजावलं.

"पण ब मागं का पडतो गं?" मी विचारलं. मला वाटलं, मी फार खोल प्रश्न विचारलाय.

चंद्रीनं हंडा उचलून डोक्यावर घेतला. "ब ला पानी आनावं लागतं. भाकरी बी थापाव्या लागत्यात. पुस्तकात ते लिवत न्हाईत."

परीक्षा चार दिवसांची होती. रोज एक पेपर, अकरा वाजता. चार दिवस भानूबाबांचा कोयता अर्धा राहणार होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायला मुकादम कोप्यांपाशी आला. गहिनीनाथ त्याचं नाव. माणूस दुष्ट नव्हता. पण त्याच्या डोक्यात सदा गाड्या चालायच्या. कारखान्यावर आपल्या गाड्यांचा नंबर मागं पडला की बैल उन्हात उभे राहतात, माणसं कातावतात आणि सगळी टोळी त्याच्या नावानं बोटं मोडते, हे त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. अर्धा कोयता आपण ठेवत नाही, भानूला चार दिवस जमत नसेल तर त्यानं गाडी जुंपून गावाची वाट धरावी, असं त्यानं शांतपणे सांगितलं. हंगाम अजून दीड महिना होता. गावात प्यायला पाणी नव्हतं. चंद्री चुलीपाशी बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपत गेली. मी तिथं चिंचा खात उभी होते.

आणि मी म्हणाले, "मी येते तिच्या जागी."

ही ती जागा, जिथं मी गोष्ट सांगताना थांबते आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आता खरं सांगते. त्या क्षणी माझ्या मनात चंद्री नव्हती. माझ्या मनात गणिताचा पेपर होता. मी वर्षभर पुस्तक फक्त धरलं होतं. दुसऱ्यांदा नापास झाले तर तात्या आता काय आणतील, हाही एक कुतूहलाचा विषय होता. पण शाळेतल्या पोरी चिडवतील याची धास्ती जास्त होती. आणि अचानक मला पळून जायला एक इतकी सुंदर वाट दिसली की तिला त्याग म्हणता येत होतं. असा योग आयुष्यात एकदाच येतो. मी तो सोडला नाही.

मुकादम माझ्याकडं बघत राहिला. मालकाच्या लेकीला हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर पंचाईत, आणि मालकाला जाऊन सांगावं तर सगळ्यात मोठी पंचाईत. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि काहीच न बोलता निघून गेला. आमच्याकडं याला होकार म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आईनं मला ओवाळलं. हातावर दही-साखर ठेवली. आजीच्या पाया पडून, पॅड आणि कंपासपेटी घेऊन, जिभेवर ती आंबटगोड चव घेऊन मी निघाले आणि ओढ्यापलीकडच्या फडात जाऊन पोचले. तिथं चंद्री तयार होती. तिनं माझं पॅड घेतलं, मी तिच्या अंगावरचा बापाचा जुना पुऱ्या बाह्यांचा सदरा घेतला. तिनं माझ्या डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळलं, डोळे तेवढे उघडे. कंपासपेटी तिनं दोन्ही हातांनी धरली. मी तिच्या तळहातावर माझ्या बोटाला लागलेली साखर पुसली. ती तिनं चाटली आणि पळत सुटली.

मग मी ऊसतोड केली, असं मी सांगत आले आहे.

उसाला काट्यांसारखी बारीक कूस असते. ती सदऱ्यातून, पोलक्यातून, जिथं जिथं अंग आहे तिथं जाते. पहिल्या तासात मी नाचत होते. दुसऱ्या तासात रडत होते, पण फडक्यामुळं ते कुणाला दिसलं नाही. मोळी बांधायला वेगळी दोरी नसते. उसाचीच हिरवी वाढी, म्हणजे शेंड्याची पानं घेऊन, त्यांना पीळ देऊन, त्यांचाच बंध करायचा. त्याला आळा म्हणतात. भानूबाबांनी मला दोनदा करून दाखवला. मला वाटलं, यात काय आहे, आणि मी मला येत होतं ते केलं: तीन पदरी वेणी घातली आणि शेवटी फुलाची गाठ मारली, रिबिनीची मारतात तशी. मोळी दिसायला इतकी छान झाली की मीच जरा लांब जाऊन पाहिली. भानूबाबांनी उचलली तर सगळा ऊस त्यांच्या पायांवर सांडला आणि वेणी हातात राहिली.

"ताई," ते म्हणाले, "उसाचं लगीन न्हाई करायचं, नुस्तं बांदायचंय."

मग ते दर थोड्या वेळानं म्हणायचे, ताई, पाणी पिऊन या. ताई, सावलीला बसा जरा. बाबळीखाली घागर होती. मी जायची, प्यायची, आणि ‘कष्टकरी स्त्री’ या विषयावर निबंध लिहायचा झाला तर आपण तो काय सुंदर लिहू, असा विचार करत पडायची. परत यायची तर माझ्या मोळ्या गाडीपाशी रचलेल्या असायच्या. मला वाटायचं, जमतंय की.

शाळेत मी दिसत नाही म्हणून हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी चंद्रीला विचारलं. तिनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, इमलला गोवर आलाय. गोवराच्या घरी कोण चौकशीला जातं? शिवाय माझा आदल्या वर्षीचा पेपर त्यांनीच तपासला होता. त्यांना दुःख आवरणं जड गेलं नसावं.

तिसरा दिवस गणिताचा. ऊन चढलं होतं. लांबून फटफटीचा आवाज आला. तात्यांची फटफटी. ते त्या फडाकडं आठवड्यात एकदाही फिरकायचे नाहीत, नेमके त्या दिवशी आले. पळायला जागा नव्हती. मी एका मोळीवर वाकून तशीच राहिले. तात्या बांधावरून उतरून चालत आले आणि माझ्यापासून चार हातांवर थांबले. मी खालून त्यांचे जोडे पाहिले. आईनं सकाळी पुसलेले.

माझी एक वेणी घातलेली मोळी तिथं पडली होती. त्यांनी तिला पायानं ढकललं. ती उसवली.

"ए पोरी," तात्या म्हणाले. "ही मोळी हाय का झिपऱ्या? भान्या, हिला काम शिकव जरा. का नुसती खायाला आणलीय?"

भानूबाबा तात्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे होते. मला ते कुणाचे भान्या असू शकतात हे ठाऊक नव्हतं. ते पुढं झाले, माझ्या आणि तात्यांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय मालक. नवी हाय. शिकंल." त्यांच्या पाठीवरचा सदरा घामानं काळा झाला होता आणि हातातला कोयता थरथरत होता. मला वाटलं, दमलेत.

तात्या गेले. मला त्यांनी ओळखलं नाही. जन्मल्यापासून ज्यांच्या खांद्यावर बसून मी सोनईचा बाजार पाहिला, त्या माणसानं मला ओळखलं नाही, कारण त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नव्हतं. फडातल्या पोरीकडं पाहायची त्यांना गरज नव्हती. मोळीकडं पाहिलं की काम भागत होतं. चौदाव्या वर्षी मला हे असं शब्दांत आलं नाही. संध्याकाळी जेवताना त्याच तात्यांनी आपल्या ताटातली साय माझ्या भातावर घातली आणि विचारलं, "पेपर कसा गेला गं, बाळा?" तोच आवाज. मी त्यात दुपारचा आवाज शोधत बसले. साय खाल्ली मात्र. खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी चंद्री ओढ्यातून धावत आली होती, परकर भिजलेला. "आलं," एवढंच म्हणाली. "अ आन् ब आलं." भानूबाबांनी कोयता खाली ठेवून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग लगेच उचलला, कारण गाडी भरायची होती.

निकाल मे महिन्यात लागला. टोळी तेव्हा गावाकडं परतली होती. चंद्रकला पास, गणितात शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी. विमल गैरहजर. आईला आधी वाटलं, हे कुठल्या तरी विषयाचं नाव आहे. मग घरात जे झालं ते झालं. केरसुणीला माझी पाठ चांगली ओळखीची झाली. तात्या ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, चार दिवस होतीस कुठं? मी सांगितलं, ओढ्यापलीकडच्या फडात. "तुम्ही माझी मोळी पायानं सोडलीत," म्हटलं.

तात्या उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्या दिवसापासून ते बदलले असं लिहायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. भान्याला ते शेवटपर्यंत भान्याच म्हणाले. एवढं मात्र खरं की पुढच्या हंगामापासून तोडणीवाल्यांच्या एखाद्या मुलीला हाक मारायची झाली तर ते आधी जरा थांबायचे, वाकून तोंड बघायचे आणि मग बोलायचे.

माझं काय बिघडलं? काही नाही. तात्यांनी शिकवणी लावली, पुढच्या वर्षी मी बसले आणि काठावर पास झाले. पुढं अकरावीपर्यंत रखडत गेले, चांगलं स्थळ आलं, याच तालुक्यात बागायतदाराच्या घरी पडले. परीक्षा माझ्यासाठी यष्टीसारखी होती. एक चुकली तर स्टँडवर शेंगा खात बसायचं, दुसरी येते. चंद्रीच्या गावाला दिवसातून एकच गाडी होती आणि ती दोनदा तिच्यासमोरून गेली होती. तिसऱ्यांदा ती चढली. नर्स झाली, सरकारी दवाखान्यांत बदल्यांवर फिरली, माझ्या दोन्ही बाळंतपणांना तिनं मला वेदनेपेक्षा जास्त शिव्या दिल्या. तिची मुलं शिकली, नोकऱ्यांना लागली. आणि तिच्या धाकट्या भावाची सून यंदाही कोयत्याला गेली आहे. एकाच कोपीतून निघालेली माणसं ही. लोक म्हणतात, हुशारी असली की माणूस वर येतो. मी हुशारी जवळून पाहिली आहे. ती विहिरीवर हंडा घेऊन उभी असायची. वर यायला तिला चार दिवस लागत होते आणि तेच मिळत नव्हते.

आता पाल.

चार वर्षांपूर्वी धाकट्या मुलाची वास्तुशांत होती. चंद्री आली होती. भानूबाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. जेवणं झाल्यावर मी नेहमीप्रमाणं पोरांना जमवून गोष्ट लावली. मी कशा मोळ्या बांधल्या, कसा चार दिवस कोयता पुरा ठेवला. चंद्री भिंतीला टेकून पापड खात ऐकत होती. पोरं पांगल्यावर म्हणाली, "बा नं शपथ घातली हुती, पोरीचं मन मोडू नगं म्हनून. आता त्यो न्हाई. सांगू का?"

सांग म्हटलं.

"तुजी एक बी मोळी गाडीवर गेली न्हाई. तू पानी प्यायला गेलीस की त्यो तुजा आळा सोडायचा आन् आपला घालायचा. तोडायचा त्योच, साळायचा त्योच, वाहायचा त्योच. चार दिस एकला."

"मग मी काय केलं?"

"तू उभी हुतीस."

मी हातातला पापड खाली ठेवला. ही गोष्ट माझ्या बाबतीत विरळा.

"तेच कामाचं हुतं," चंद्री म्हणाली. "मालकाची लेक फडात उभी हाय म्हटल्यावर कोयता अर्दा हाय म्हनायची मुकादमाची टाप हुती का? मी धा मोळ्या बांदल्या तरी त्याला दिसल्या नसत्या. तू नुस्ती दिसलीस." मग म्हणाली, "आन् बा किती भ्याला हुता, तुला ठावं न्हाई. तुज्या बोटाला कोयता लागला असता तर टोळीच हाकलली असती. चार दिस त्याचा एक डोळा उसावर आन् एक तुज्या पायावर."

तर असं. थरथरणारा तो कोयता दमलेला नव्हता. मी खेळत होते आणि तो माणूस दुप्पट काम करून, वर माझी राखण करून, मला माझ्या चांगुलपणाचं कौतुकही करू देत होता. ताई, पाणी पिऊन या. पन्नास वर्षं मी ते पाणी पितेच आहे.

ही गोष्ट मी सईला अजून सांगितलेली नाही. हे लिहून झालं की तिच्या दारावर, वेळापत्रकाच्या शेजारी चिकटवणार आहे. दहा मिनिटांत वाचून होईल.

काल नळावर पूजाला विचारलं, खिडकीतून काय वाचत होतीस गं? ती म्हणाली, उद्या गणित हाय, मी बी दहावीला हाय. इथं गावातल्याच शाळेत नाव घातलंय. मग उद्या जाणार ना, म्हटलं. तिनं हंड्याचं तोंड पुसलं. आईच्या कंबरेला कळ आलीय, तिच्या जागी आपण आहोत, मुकादम म्हणतोय, गेलीस तर कोयता मोडतो. मुलाला सांगितलं तर तो गोठ्यातून म्हणाला, आई, तो मुकादमाचा प्रश्न आहे, आपण मध्ये कसं पडायचं? बरोबर आहे. त्याचे आजोबा, आमचे तात्याही हेच म्हणाले असते.

म्हणून मध्ये पडायचं नाही, बसायचं, असं ठरवलंय. सई सकाळी गाडीनं जाते, पूजाचंही केंद्र तेच, आणि गाडीत तीन जागा रिकाम्या असतात. त्यातल्या एकीवर पूजा बसेल, हे मी ड्रायव्हरला सांगितलंय. आणि मी बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून, डब्यात पापड घेऊन, पेपर सुटेपर्यंत पूजाच्या बापाच्या कोयत्यासमोर बसणार आहे. मुकादमाला निरोप धाडलाय की मालकीणबाई उद्या ऊस बघायला येणार आहेत. त्यानं विचारलं म्हणे, कुठला ऊस? म्हटलं, अर्ध्या कोयत्याचा.

संध्याकाळी चंद्रीला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अजून बसावं लागतंय व्हय गं?"

"लागतंय," म्हटलं.

"बस," चंद्री म्हणाली. "पर मोळीला हात लावू नगं."